अमेरिकेच्या बाईकला वळता येतं, मालकांना दम धरवत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'अमेरिकेला स्पोर्ट बाईक का जमत नाही' अशा अर्थाचा पानभर लेख आला होता. सोमवारी सकाळच्या चहाला आमच्या शॉपवर तो वाचून झाला आणि जो वाद सुरू झाला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिटेना, शेवटी मशीन थांबायला लागली म्हणून मीच सगळ्यांना हाकललं. लेखकाने शेवटी लिहिलंय की अमेरिकन माणसाला सरळ रस्ता आवडतो, वळण त्याच्या रक्तातच नाही. मी भोसरीत २६ वर्षं जॉबवर्क करतोय, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक जुनं लेथ आणि सात पोरं, काम बहुतेक टू-व्हीलरच्या पार्टचंच. बाईक रेसिंग कधी केलं नाही पण रेस बघायची सोडत नाही. त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर बिनधास्त कापा, फक्त खालची ता.क. ठेवा, ती महत्त्वाची आहे.

पहिलं म्हणजे ते रक्ताबिक्ताचं. ५०० सीसी ग्रां प्री, म्हणजे आजच्या मोटोजीपीची आई, तिच्यात १९७८ ते १९९३ या १६ वर्षांत १३ वेळा अमेरिकन माणूस वर्ल्ड चॅम्पियन झालाय. केनी रॉबर्ट्स तीनदा, फ्रेडी स्पेन्सर दोनदा, एडी लॉसन चारदा, वेन रेनी तीनदा आणि शेवटी १९९३ ला केव्हिन श्वांट्झ. मधली तीन वर्षं सोडली (दोन इटालियन आणि एक ऑस्ट्रेलियन) तर सगळा अमेरिकन कारभार. ही पोरं मातीच्या ओव्हल ट्रॅकवर मागचं चाक घसरवत मोठी झालेली, तीच कला त्यांनी डांबरावर आणली आणि युरोपवाले बघत राहिले. आता गंमत बघा, १३ च्या १३ वेळा बुडाखाली गाडी जपानी, यामाहा, होंडा नाहीतर सुझुकी. म्हणजे वळणारा माणूस अमेरिकेत होता, रबर त्यांच्याकडे, ट्रॅक त्यांच्याकडे, पैसा तर विचारूच नका, फक्त गाडी नव्हती. का नव्हती हा खरा प्रश्न आहे आणि तो तुमच्या लेखात कुठेच आला नाही.

दुसरं म्हणजे लेखक म्हणतात की व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या नादाला लागल्यामुळे ते मागे पडले. अहो, डुकाटी काय वापरत होती? १९९४ ला ९१६ आली तीही व्ही-ट्विनच, आणि तिने पुढची कित्येक वर्षं वर्ल्ड सुपरबाईकमध्ये चार सिलिंडरवाल्या जपान्यांना धुतलं. दोष व्ही-ट्विनचा नाही, कुठल्या व्ही-ट्विनचा ते बघायला पाहिजे. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनचं पारंपरिक इंजिन ४५ अंशाचं, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, व्हॉल्व्ह पुशरॉडने चालणारे आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, लांबलचक. स्पोर्टस्टर १२०० मध्ये स्ट्रोक ९६.८ मिमी होता, एवढा लांब पल्ला पिस्टनने वरखाली मारायचा म्हणजे आरपीएम चढणार कुठून, पिस्टनच म्हणेल की बाबा बस कर. त्या इंजिनाचा तो धडधड आवाज आणि खालून येणारी ओढ लोकांना आवडते, मलाही आवडते, पण ती गाणं ऐकत हायवेवर जायची ओढ आहे, बुद्ध इंटरनॅशनल सर्किटच्या वळणावरून सुटायची नाही.

हे इंजिन त्यांनी का सोडलं नाही याला इतिहास आहे. १९६९ ला होंडाची सीबी ७५० आली आणि त्याच वर्षी हार्ले एएमएफ नावाच्या कंपनीच्या हातात गेली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत क्वालिटीचे जे बारा वाजले त्याच्या कथा अमेरिकन म्हातारे अजून सांगतात. १९८१ ला कंपनीच्याच १३ अधिकाऱ्यांनी मिळून ती परत विकत घेतली आणि १९८३ ला रेगन सरकारने ७०० सीसीच्या वरच्या आयात बाईकवर ड्युटी ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेली, पाच वर्षांसाठी. जपान्यांनी काय केलं तर ७५० ची गाडी थोडी बारीक करून ६९९ सीसीची केली आणि विकत राहिले. हार्लेने मात्र त्या सवलतीच्या काळात कारखाना सुधारला, मुदत संपायच्या आधीच १९८७ ला सांगितलं की आता संरक्षण नको, हे मानायलाच पाहिजे. पण मधल्या काळात त्यांना एक गोष्ट कळून चुकली की आपला गिऱ्हाईक जुन्या रूपासाठी आणि जुन्या आवाजासाठी पैसे मोजतो. पोर्शकडून सत्तरीच्या शेवटी एक व्ही-फोर इंजिन करून घेतलं होतं, नोव्हा नावाचा प्रोजेक्ट, तो गुंडाळला आणि जुनंच इंजिन सुधारून चालवलं. धंदा म्हणून शंभर टक्के बरोबर निर्णय, मी असतो तरी तोच घेतला असता. पण त्या दिवसापासून मिलवॉकीत, हार्लेच्या घरी, नवीन इंजिन म्हणजे घरात आलेली सवत असं झालं.

तरी एकदा त्यांनी जोर लावला होता. व्हीआर १००० म्हणून गाडी, ६० अंशाचं, वॉटर कूल्ड, डबल ओव्हरहेड कॅमचं इंजिन, १९९४ ला अमेरिकन सुपरबाईकमध्ये उतरवली. नियम असा की तशाच रस्त्यावरच्या ५० गाड्या बनवून दाखवा. आता ही गाडी अमेरिकेच्या स्वतःच्या प्रदूषणाच्या नियमात बसेना, तर पठ्ठ्यांनी तिची नोंदणी कुठे केली माहितीये, पोलंडमध्ये! अमेरिकन रेसिंगचा झेंडा आणि कागद वॉर्साचे. एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने नारिंगी रंगवलेली ती गाडी दिसायला काय सुंदर होती. पण डिझाईन ऐंशीच्या शेवटी सुरू झालेलं, ट्रॅकवर येईपर्यंत डुकाटी पुढे निघून गेलेली. १९९६ ला पोमोनाला ख्रिस कारने पोल पोझिशन (रेस सुरू होताना सगळ्यात पुढची जागा) घेतली, तोच काय तो मोठा क्षण, बाकी २००१ पर्यंत आठ सीझन रेटली आणि एकही सुपरबाईक रेस न जिंकता बंद केली. इथे लोक हसतात. मला हसू येत नाही. आठ वर्षं रेस करायची आणि इंजिन मात्र मुळापासून बदलायचं नाही, म्हणजे पोराला तालमीत घातलं पण खुराक बंद ठेवला. आणि त्याच इंजिनातून शिकलेलं सगळं पुढे पोर्शच्या मदतीने व्ही-रॉडमध्ये घातलं, म्हणजे पुन्हा क्रूझरमध्येच, हायवेवर आरामात चालवायच्या गाडीत. ज्या गाडीसाठी केलं तिला नाही मिळालं.

आता एरिक ब्युएल. या माणसाबद्दल तुमच्या लेखात दोन ओळी होत्या, त्याही चेष्टेच्या, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो.

हा हार्लेत इंजिनिअर होता, आणि रेसर. नोकरी सोडून त्याने १९८३ च्या सुमारास आरडब्ल्यू ७५० नावाची टू-स्ट्रोक रेसबाईक स्वतः बनवली. ती विकायला तयार होईपर्यंत अमेरिकन रेसिंग संघटनेने बाईकचा तो फॉर्म्युला वन वर्गच बंद करायचं ठरवलं. झालं, गाडी तयार आणि रेसच नाही. दुसरा असता तर परत नोकरीला गेला असता. याने हार्लेकडे एक्सआर १००० ची शिल्लक राहिलेली इंजिनं होती ती घेऊन त्यावर चेसिस बसवली आणि आरआर १००० काढली. म्हणजे सुरुवातीपासून या माणसाच्या नशिबात दुसऱ्याचं इंजिन, तेही घोडागाडीच्या स्वभावाचं, आणि त्यातून त्याला शर्यतीचा घोडा काढायचा होता. १९९३ ला हार्लेने त्याच्या ब्युएल कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला, २००३ पर्यंत सगळीच कंपनी घेतली. पैसा आला, डीलरही आले, पण इंजिन तेच.

मी २०११ ला मावसभावाकडे विस्कॉन्सिनला गेलो होतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याकडे ब्युएलची एक्सबी१२आर होती. तो म्हातारा एवढा खूश झाला की कोणीतरी भारतातून येऊन माझ्या गाडीखाली झोपतंय. खरंच झोपलो मी, गॅरेजच्या फरशीवर पुठ्ठा टाकून. जिथे पेट्रोलची टाकी असते तिथे नुसतं कव्हर, आत एअर फिल्टर. पेट्रोल कुठे, तर ॲल्युमिनियमच्या जाडजूड फ्रेमच्या पोकळीत. इंजिन ऑइलची टाकी कुठे, तर मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममध्ये, डिपस्टिक तिथूनच काढायची. मी कास्टिंगवाला माणूस, मला पहिला विचार काय आला की स्विंगआर्मच्या पोटात ऑइल भरायचं म्हणजे एक सुईच्या टोकाएवढी पोरॉसिटी (धातूतलं छिद्र) चालणार नाही, प्रत्येक पीस लीक टेस्ट करायला लागणार, आणि वर त्यावर अख्ख्या गाडीचा भार. बोट फिरवून बघितलं, मशीनिंग केलेल्या कडा अशा स्वच्छ की कडांची कुसळं काढणाऱ्या डीबरिंगवाल्याचे हात बघावेसे वाटले. पुढच्या चाकाला ३७५ मिमीची एकच डिस्क, ती हबला नाही तर डायरेक्ट रिमला लावलेली आणि कॅलिपर आतून पकडतो, उलटा. का, तर ब्रेकचा जोर रिमवरून सरळ टायरला जातो, स्पोकमधून जात नाही, मग स्पोक बारीक करता येतात आणि चाक हलकं होतं. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १३२० मिमी, त्या काळच्या ६०० सीसी जपानी गाड्यांपेक्षा आखूड. सगळं वजन गाडीच्या पोटाजवळ गोळा केलेलं, म्हणजे वळताना गाडी पटकन पडते. हे त्यावेळी जगात कोणी करत नव्हतं.

मग त्याने सेल मारला. साहेब, आयडलला अख्खं पुढचं चाक थरथरत होतं, डोळ्याला दिसेल इतकं, आरसा तर नुसता धुरकट. रबर माउंट असल्यामुळे वेग घेतला की शांत होते म्हणाला. बंद केल्यावर किल्ली काढली तरी मागच्या सिलिंडरचा पंखा मिनिटभर घूं घूं करत राहिला. मी त्याला विचारलं की एवढी चेसिस आणि हे इंजिन, असं का? तो म्हणाला की कंपनीच्या बॉसना विचार. बॉस कुठून सापडणार, तोपर्यंत कंपनी बंद होऊन दीड वर्ष झालं होतं.

बंद कशी झाली ती कथा तर ऐका. अखेर २००७ ला ब्युएलला स्वतःचं म्हणावं असं इंजिन मिळालं, ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने बनवलेलं हेलिकॉन, ७२ अंशाचं, ११२५ सीसी, स्ट्रोक फक्त ६७.५ मिमी, १४६ हॉर्सपॉवर. वर दिलेला स्पोर्टस्टरचा आकडा परत बघा म्हणजे फरक कळेल. २५ वर्षांनी या माणसाच्या हातात खरं हत्यार आलं. २००९ ला डॅनी एस्लिकने ११२५आर वर अमेरिकन डेटोना स्पोर्टबाईकची चॅम्पियनशिप जिंकली. (हो, त्या वर्गात बाकीच्या गाड्या ६०० सीसी चार सिलिंडरच्या होत्या आणि ११२५ सीसीला परवानगी दिली म्हणून खूप आरडाओरड झाली, आणि ती आरडाओरड अगदीच खोटी नव्हती, हेही सांगून टाकतो.) आणि त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर २००९, हार्लेने जाहीर केलं की ब्युएल बंद. मंदी होती, हार्लेचा स्वतःचा सेल कोसळला होता, हे सगळं मान्य. पण हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. एकूण १,३६,९२३ गाड्या बनवून ईस्ट ट्रॉयचा कारखाना थांबला. त्याच दिवशी अजून एक घोषणा, एमव्ही ऑगस्टा विकायला काढली. ही इटलीची नामांकित स्पोर्ट बाईक कंपनी हार्लेने २००८ ला घेतली होती आणि २०१० ला नाममात्र किमतीत जुन्या मालकाच्या घरी परत पाठवली. दोन वर्षं! आमच्याकडे दोन वर्षांत नवीन मशीनचा हप्ता अर्धाही फिटत नाही.

आणि याच्या उलट डुकाटी बघा. ती १९९६ ला बुडायच्या बेतात होती तेव्हा तिच्यात पैसा कोणी घातला? टेक्सास पॅसिफिक ग्रुपने. नाव वाचा परत. टेक्सास. म्हणजे अमेरिकेचा पैसा स्पोर्ट बाईकमध्ये जाऊन टिकला, वाढला, पण गेला इटलीत, डुकाटीच्या बोलोन्याला.

मला यात एवढा राग का येतो तर ते माझ्यावर गेलंय, लहान प्रमाणात. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कंपनीने (नाव घेत नाही, अजून त्यांचं थोडं काम येतं) नव्या मॉडेलच्या ट्रिपल क्लॅम्पची (पुढचा फोर्क धरून ठेवणारा पार्ट) ऑर्डर दिली. आम्ही फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवायची चौकट) बनवलं, टूल मागवले, चार लाख गेले, ४० पीसचा ट्रायल लॉट पहिल्या फटक्यात पास झाला, पोरांना मी त्या दिवशी मिसळ खिलवली. आठ दिवसांनी दोन ओळींचा मेल, प्रोजेक्ट होल्डवर. तो होल्ड अजून उठलेला नाही. ते फिक्स्चर मी भंगारात दिलं नाही, शॉपच्या कोपऱ्यात उभं आहे, त्यावर चहाची किटली ठेवतो. ईस्ट ट्रॉयच्या आसपास अशी किती फिक्स्चर कुणाच्या कोपऱ्यात पडली असतील हा विचार मला ती बातमी वाचताना पहिला आला.

पुढचा भाग आपल्या घरचा आहे आणि तो लेखात अजिबात नाही याचं आश्चर्य वाटलं. ब्युएलने लगेच एरिक ब्युएल रेसिंग, ईबीआर, नावाने परत दुकान मांडलं, तेच इंजिन ११९० सीसी करून १८५ हॉर्सपॉवरपर्यंत नेलं. आणि २०१३ ला आपल्या हिरो मोटोकॉर्पने त्यात अडीच कोटी डॉलर घालून ४९.२ टक्के हिस्सा घेतला. २०१४ ला वर्ल्ड सुपरबाईकच्या ग्रिडवर हिरोचं नाव लावलेल्या अमेरिकन गाड्या उभ्या राहिल्या, मी टीव्हीसमोर बसून फोटो काढलेत. मागेच राहिल्या त्या, खोटं कशाला बोलू, पण पहिल्या वर्षी कावासाकी आणि अप्रिलियाच्या पुढे जायची अपेक्षा कोणी ठेवली असेल तर तो रेस बघतच नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत हिरोने एचएक्स२५०आर दाखवली, ईबीआरच्या मदतीने केलेली २५० सीसी स्पोर्ट बाईक. माझ्या भाच्याने तेव्हा बुकिंगसाठी पैसे साठवायला सुरुवात केली होती. एप्रिल २०१५ ला ईबीआरला टाळं लागलं, हिरोचे पैसे बुडाले आणि ती २५० कधी शोरूममध्ये आलीच नाही. भाच्याने शेवटी चाकणला बनलेली केटीएम आरसी घेतली.

आणि इथेच खरं घोडं पेंड खातंय. बजाजने २००७ ला केटीएममध्ये साडेचौदा टक्क्यांपासून सुरुवात केली, २०१२ ला ड्यूक २०० काढली, मग ३९०, मग आरसी. आज पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवर उभं राहा आणि नारिंगी गाड्या मोजा. हे पोरगं पुढे पैसे कमावेल तेव्हा मोठी केटीएम घेईल, निदान स्वप्न तरी तिचंच बघेल. होंडा, यामाहा, कावासाकीचं तेच आहे, १५० पासून १००० पर्यंत जिना आहे, पायरी पायरीने गिऱ्हाईक वर येतो आणि खालच्या पायऱ्यांवर झालेल्या फायद्यातून वरची रेसबाईक बनते. हार्लेकडे हा जिनाच नव्हता. ब्युएलने २००० ला ब्लास्ट नावाची ४९२ सीसीची छोटी गाडी काढली होती, ती शिकाऊ लोकांच्या ट्रेनिंगला वापरली गेली, आणि २००९ मध्ये ती बंद केल्याची जाहिरात कशी केली तर एक गाडी दाबून तिचा ठोकळा करून दाखवला! विनोद म्हणून ठीक आहे पण आपल्याच जिन्याची पायरी आपणच चेपून दाखवायची म्हणजे कमालच झाली. डीलरचंही तेच, चकचकीत क्रोम आणि लेदर जॅकेट विकणाऱ्या माणसाच्या दुकानात कोपऱ्यात ब्युएल उभी, ती घ्यायला आलेल्या २५ वर्षांच्या पोराशी बोलायचं काय हे त्याला कळत नाही, पोरगं बाहेर पडून सुझुकीच्या शोरूममध्ये शिरणार, दुसरं काय होणार.

कुणी म्हणेल केटीएम तरी कुठे शहाणी, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेलीच ना. गेली. आणि बजाजने पैसा ओतून २०२५ ला ती ताब्यात घेतली. बंद नाही केली. मी दम म्हणतो तो हा.

ज्यांना गाडी जमत नाही असं म्हणायचंय त्यांच्यासाठी अजून दोन उदाहरणं देतो आणि पुढे जातो. ओरेगॉनच्या पोर्टलंडमध्ये मायकेल चिस नावाचा एक आर्किटेक्ट होता, त्याने मोटोचिस नावाची इलेक्ट्रिक रेसबाईक बनवली आणि आईल ऑफ मॅनच्या टीटी झिरो या इलेक्ट्रिक बाईकच्या रेसमध्ये २०१० ते २०१३ सलग चार वर्षं जिंकली. आईल ऑफ मॅन म्हणजे ६० किलोमीटरचा घाट, भिंती आणि गावं. तिथे सरळ रस्ता शोधून दाखवा. आणि २०१३ लाच कॅलिफोर्नियाच्या लाइटनिंग कंपनीच्या इलेक्ट्रिक सुपरबाईकवर कार्लिन डनने पाइक्स पीकचा डोंगर १० मिनिटांत चढून पेट्रोलच्या सगळ्या बाईकना, डुकाटीसकट, मागे टाकलं. (आणि मुळातच, १९११ ला त्याच आईल ऑफ मॅनवर सीनियर टीटीत पहिले तीन नंबर अमेरिकेच्या इंडियन नावाच्या कंपनीच्या बाईकचे होते, पण ते फारच जुनं झालं.)

आता सध्याचं बघू. अमेरिकेत २०२० पासून किंग ऑफ द बॅगर्स नावाची रेस सुरू आहे. बॅगर म्हणजे मागे दोन्ही बाजूला पेट्या लावलेली टूरिंग क्रूझर, रस्त्यावर साडेतीनशे किलोच्या पुढची गाडी. रेससाठी छाटूनही पावणेतीनशेच्या वरच. त्या पेट्यांसकट रेस करतात! पहिली रेस इंडियनने मारली, २०२१ ला कायल वायमनने हार्लेवर विजेतेपद घेतलं, तेव्हापासून दोन्ही कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्यात. आधी मी पण हसलो होतो, म्हटलं ही काय बैलगाडा शर्यत लावली. मग नीट बघितलं तर गुडघा जमिनीला टेकवून चाललीत ही धुडं, मागचं चाक घसरतंय, डेटोनाच्या सरळ रस्त्यावर ताशी २९० च्या आसपास. पेटीचा आकार विंड टनेलमध्ये तपासतात, स्विंगआर्म बिलेटमधून, म्हणजे अखंड ठोकळ्यातून, मशीन केलेले, सस्पेन्शन सुपरबाईकचं. आणि तेव्हा मला खरं वाईट वाटलं. एवढी अक्कल, एवढे इंजिनिअर, एवढा पैसा एका कपाटाला पळवण्यात घालताय, मग हेच सगळं दोनशे किलोच्या गाडीवर का नाही घालत? गर्दी मात्र तुफान होते, २०२६ पासून तर मोटोजीपीच्या काही रेसबरोबर बॅगरची जागतिक मालिकाच ठरली आहे, म्हणजे हा रस्ता ते आता सोडणार नाहीत.

इंजिन आता नाही असंही नाही. २०२१ ला पॅन अमेरिकामध्ये आलं ते रेव्होल्यूशन मॅक्स १२५०, ६० अंशाचं, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, स्ट्रोक ७२ मिमी, १५० हॉर्सपॉवर. हे १९९४ ला असतं तर इतिहास वेगळा झाला असता. त्याचाच धाकटा भाऊ ९७५ सीसीचा आहे, तो नाईटस्टरमध्ये बसवून पुन्हा क्रूझर केला. त्याच ९७५ वर ब्राँक्स नावाची स्ट्रीटफायटर (उघड्या अंगाची स्पोर्ट बाईक) दाखवली होती, फोटो आले, लोकांनी नावं नोंदवायची तयारी केली आणि वरचा साहेब बदलल्यावर तीही रद्द.

माझं म्हणणं एवढंच आहे, डुकाटीच्या पानिगाले व्ही-फोरशी भांडायला जाऊच नका. तो लिटर क्लासचा (१००० सीसीचा) धंदा आता जपान्यांनाही परवडत नाही, यामाहाने तर आर६ सारखी ६०० सीसीची गाडीसुद्धा युरोपात रस्त्यासाठी विकायची बंद केली, हिशेबनीस 'कशाला' म्हणतो तेव्हा तो वेडा नसतो. पण मधला वर्ग बघा, अप्रिलिया आरएस ६६०, यामाहा आर७, सगळ्या दोन सिलिंडरच्या, किंमत त्यातल्या त्यात हाताला येणारी, आणि अमेरिकेत ट्विन्स कप नावाची रेस त्यांच्यासाठीच आहे. तिथे ९७५ च्या इंजिनाला ब्युएलसारखी आखूड चेसिस, साधं फेअरिंग, आणि पाच वर्षं बंद करणार नाही असा लेखी शब्द. मशीनिंग लागलं तर भोसरीत या, थट्टा नाही करत.

आपल्याला याच्याशी काय देणंघेणं असं विचाराल, तर आहे ना. २००७ ला हापूस अमेरिकेला जायला लागला तो हार्लेला इथे वाट करून देण्याच्या बदल्यात, लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पेट्या रवाना झाल्या होत्या, तेव्हाचे मथळे तुमच्याच पेपरात वाचलेत. २०२५ च्या बजेटमध्ये १६०० सीसीपर्यंतच्या आयात बाईकची ड्युटी ५० वरून ४० टक्के आणि त्यावरच्यांची ३० टक्के केली. मधे हरियाणातल्या बावलचा कारखाना २०२० ला बंद करून हार्ले गेली आणि हिरोचा हात धरून परत आली, एक्स४४० आता नीमराण्याला बनते, बरी गाडी आहे, जिन्याची पहिली पायरी म्हणायला हरकत नाही. पण दर वेळी ड्युटीवरून दोन्हीकडचे पुढारी भांडतात तेव्हा मला वाटतं की दार उघडलं तरी आत येणार काय? सगळ्या क्रूझर. आमच्या शॉपवरचा २३ वर्षांचा पोरगा, जो रात्री दोन वाजता रेस बघून सकाळी आठला मशीनवर उभा राहतो, त्याला घ्यावीशी वाटेल अशी एकही अमेरिकन गाडी त्या कंटेनरमध्ये नाही.

आपला,
भोसरीचा एक जॉबवर्कवाला वाचक

ता.क. – लेखासोबत छापलेल्या ब्युएलच्या फोटोखाली तुम्ही 'सायलेन्सर काढून टाकलेली रेसिंग आवृत्ती' असं लिहिलंय. सायलेन्सर काढलेला नाहीये हो. तो इंजिनाच्या खाली आहे, पोटाखाली, तिथेच बसवलाय त्याने. फोटो जरा मोठा करून बघा, पुढच्या चाकाच्या मागे काळा डबा दिसतोय तो.